आजोबा कुंपणात कसे? जर्मॅनिक भाषांमध्ये एका शब्दाचा माग काढताना

मी जर्मन शिकवते आणि जर्मनमधून मराठीत अनुवाद करते. डच मला कुणी शिकवलं नाही. जर्मन पक्कं असलं की डच अर्धंमुर्धं वाचता येतं, या भरवशावर मी एकदा एक डच बालकथा अनुवादाला घेतली. त्यात ‘तौइन’ हा शब्द पानोपानी येत होता. शब्दकोश उघडायचा कंटाळा केला आणि नियम लावला. डचमधल्या ‘त’च्या जागी जर्मनमध्ये ‘त्स’ येतो, ‘औइ’च्या जागी ‘आउ’ येतो, म्हणजे तौइन हा जर्मनमधला ‘त्साउन’. त्साउन म्हणजे कुंपण. झालं. माझ्या अनुवादात मुलं दिवसभर कुंपणात खेळली, आईने कुंपणात कपडे वाळत घातले आणि आजोबांनी कुंपणात टोमॅटो लावले. संपादकांनी समासात एवढंच लिहून पाठवलं, “आजोबा कुंपणात कसे?”

डचमध्ये तौइन म्हणजे बाग.

नंतर शोधल्यावर कळलं की माझा नियम चुकलाच नव्हता. तौइन आणि त्साउन खरोखर सख्खे भाऊ आहेत आणि इंग्रजीतला ‘टाउन’ हा तिसरा. एकाच्या घरी कुंपण, दुसऱ्याच्या घरी बाग, तिसऱ्याच्या घरी शहर. मी चुकले ती पुढे: नातं जुळलं म्हणजे अर्थही तोच असणार, असं धरून चालले. तेव्हापासून शब्दांचे माग काढायचा नादच लागला. विद्यार्थी सारखं विचारतात म्हणून माझी रीत इथे मांडते, आणि उदाहरणाला मला तोंडावर पाडणारा हाच शब्द घेते.

आधी लिपीचं एक सांगून टाकते. डचमधल्या त्या स्वराला देवनागरीत चिन्ह नाही. ओठ गोल करून ‘आय’ म्हणायला गेलं की जे काहीतरी निघतं, ते मी ‘औइ’ असं लिहिते. इंग्रजी शब्दाला ट आणि बाकीच्यांना त हाही लिहिण्यापुरताच फरक, मूळ ध्वनी एकच.

शब्द निवडताना हावरटपणा करू नका. लहानसा, एक-दोन अक्षरी, घरादारातला शब्द घ्या. शरीराचे अवयव, दहापर्यंतचे आकडे, जनावरं, घर, शेत. असे शब्द सहसा पिढ्यान्‌पिढ्या घरातच राहतात. पण घरातला प्रत्येक शब्द घरचाच असतो असंही नाही. खिडकीला जर्मनमध्ये ‘फेन्स्टर’ म्हणतात, तो सरळ लॅटिनमधून आलाय. इंग्रजीतला ‘विंडो’ जुन्या नॉर्समधून, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेतून आला, तिथे त्याचा अर्थ ‘वाऱ्याचा डोळा’. आता या दोघांचं नातं शोधत बसलात तर रात्र जाईल.

जर्मॅनिक म्हणजे इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश वगैरे भाषांचं कुटुंब, आणि त्याच्या शाखा तीन. शब्द ठरला की कागद आडवा धरा आणि त्यांच्यासाठी तीन रकाने पाडा. मी अजूनही हे हातानेच करते. पहिला रकाना पूर्वेकडच्या शाखेचा, म्हणजे गॉथिकचा. ही भाषा मेलेली आहे. तिच्याबद्दल जे कळतं ते जवळजवळ सगळं चौथ्या शतकातल्या वुल्फिला नावाच्या बिशपने केलेल्या बायबलच्या भाषांतरातून. जांभळ्या चर्मपत्रावर चांदी-सोन्याच्या शाईने लिहिलेली त्याची प्रत स्वीडनमध्ये उप्सालाला जपून ठेवली आहे. दुसरा रकाना उत्तरेचा: वर जुनी नॉर्स, खाली आइसलँडिक, फेरोईज, नॉर्वेजियन, स्वीडिश, डॅनिश. तिसरा पश्चिमेचा, आणि तो सगळ्यांत गजबजलेला: वर जुनी इंग्रजी, जुनी फ्रिजियन, जुनी सॅक्सन आणि जुनी उच्च जर्मन, खाली आजची इंग्रजी, फ्रिजियन, डच, आफ्रिकान्स, लो जर्मन, जर्मन, यिडिश.

आता सगळ्यांत जुनी रूपं आधी भरा. नवशिके इथेच गडबडतात, आजचे शब्द शेजारी शेजारी मांडून तुलना करू लागतात. आजचा टाउन आणि आजचा त्साउन कानाला इतके सारखे लागतात, की त्यांचा ‘आउ’ एकाच आजोबांकडून आला असं वाटतं. तसं नाही. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘तून’ होता, जुन्या नॉर्समध्ये ‘तून’, जुन्या फ्रिजियनमध्येही ‘तून’ आणि जुन्या उच्च जर्मनमध्ये ‘त्सून’. सगळीकडे दीर्घ ऊ. पुढे जर्मनने आपल्या वाटेने त्याचा ‘आउ’ केला, इंग्रजीने काही शतकांनी आपल्या वाटेने केला, आणि दोघी योगायोगाने एकाच मुक्कामी पोचल्या. डच तिसरीकडेच गेली. आइसलँडिकने मात्र काहीच केलं नाही, तिथे अजून ‘तून’च आहे.

माझा कागद असा भरला. आइसलँडिक तून: घराभोवतीचं, राखलेलं गवताचं कुरण. नॉर्वेजियन तून: शेतावरच्या घर-गोठ्यांच्या मधलं अंगण. फ्रिजियन तून: बाग. आफ्रिकान्स: बाग, डचसारखीच. लो जर्मन तून: कुंपण. जर्मन त्साउन: कुंपण. इंग्रजी टाउन: शहर. स्वीडिशमध्ये मला शब्दापेक्षा गावांची नावंच आधी सापडली, सिग्तूना आणि एस्किल्स्तूना. गॉथिकचा रकाना रिकामा. बायबलमध्ये शहरं आहेत, पण वुल्फिला त्यांना ‘बॉर्ग्स’ म्हणतो, तो वेगळा शब्द. रकाना रिकामा राहिला तर राहू द्या. माझ्या एका विद्यार्थ्याने तो भरण्यासाठी स्वतःच एक गॉथिक शब्द बनवून घातला आणि आठवड्याभराने आपणच बनवलाय हे विसरून मला पुरावा म्हणून दाखवला! तर्काने उभा केलेला शब्द लिहायचाच असेल तर त्याच्या आधी चांदणी काढतात. चांदणी म्हणजे हा शब्द कुठल्याही दगडावर वा पानावर सापडलेला नाही. या चांदणीची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

यानंतरचं काम मला सगळ्यांत आवडतं. अर्थाकडे सपशेल दुर्लक्ष करायचं आणि शब्दाचा एकेक ध्वनी सुटा करून तपासायचा. त्यासाठी ज्यांच्या नात्याबद्दल शंकाच नाही असे साक्षीदार लागतात. आपल्या शब्दाच्या पहिल्या ध्वनीसाठी मी हे घेतले: इंग्रजी टेन, डच तीन, जर्मन त्सेन, म्हणजे दहा. टू, त्वे, त्स्वाय, म्हणजे दोन. टंग, तोंग, त्सुंगऽ, म्हणजे जीभ. तिन्ही ओळींत इंग्रजी-डच त आणि जर्मन त्स. मग टाउन, तौइन, त्साउन ही ओळ त्यांच्याखाली ठेवली की पहिलं अक्षर पास. स्वरासाठी दुसरे साक्षीदार: हाउस, हौइस, हाउस आणि आइसलँडिक हूस. माउस, मौइस, माउस, मूस (आपल्या ‘मूषक’मधला मूष हाच). ब्राउन, ब्रौइन, ब्राउन, ब्रून्न. यांच्याखाली टाउन, तौइन, त्साउन, तून. तेही पास. शेवटचा न सगळीकडे न आहे, त्याचं काही करायला नको.

एका साक्षीदारावर निकाल देऊ नका. निदान तीन हवेत, आणि तिन्ही वेगवेगळ्या अर्थाचे.

जर्मनमध्ये त चा त्स झाला तो साधारण सहाव्या ते आठव्या शतकांदरम्यान, आणि दक्षिणेकडून. उत्तरेकडच्या सखल मुलखापर्यंत ही लाट पोचलीच नाही, म्हणून लो जर्मनमध्ये अजून तून आहे. ही तारीख फार कामाची. जर्मनमध्ये पिंपाला ‘तोनऽ’ म्हणतात. टाउनशी त्याचं काही असेल का? तो शब्द इतका जुना असता तर आज ‘त्स’ने सुरू झाला असता. त तसाच राहिला, म्हणजे पाहुणा लाट ओसरल्यावर आला. तो लॅटिनमधून आलेला उसना शब्द आहे. अशा वेळी नियम पहारेकऱ्याचं काम करतो.

आता एक पायरी मागे. इथे मराठी माणसाची चैन आहे, कारण संस्कृत हाताशी असतं. दश, टेन. द्वि, टू. दन्त, टूथ. संस्कृतचा द तो जर्मॅनिकचा त, हे १८१८ मध्ये छापून आलेल्या निबंधात डेन्मार्कच्या रास्मुस रास्कने ग्रीक-लॅटिनच्या आधाराने दाखवलं आणि १८२२ मध्ये याकोब ग्रिमने संस्कृतसकट नीट बांधून मांडलं. तेच ते परीकथावाले ग्रिम. दोघा भावांनी जर्मन भाषेचा अवाढव्य शब्दकोशही हाती घेतला होता. १८६३ मध्ये याकोब गेला तेव्हा काम ‘फ्रुख्त’ म्हणजे फळ या शब्दापाशी आलं होतं, आणि कोश पुरा झाला १९६१ मध्ये. आपला त्साउन शेवटच्या अक्षरातला, त्याचं तोंड दोघांनी कोशात पाहिलंच नाही.

तर ‘तून’च्या आधी कुठेतरी द हवा. तो सापडतो केल्टिक भाषांत, म्हणजे आयरिश ज्या कुटुंबातली आहे त्या भाषांत: ‘दूनोन’, म्हणजे तटबंदी, किल्ला. आयरिशमध्ये ‘दून’. फ्रान्समधल्या लियोंचं जुनं नाव लुग्दुनुम, लुग देवाचा किल्ला. द ला त, दीर्घ ऊ, न. सगळं जुळलं म्हणून मी वही मिटायला निघाले होते. पण इथे एक पेच आहे. केल्टिक भाषांनी मूळचा द आणि मूळचा ध एकत्र कालवून टाकले, दोन्हींचा द केला. त्यामुळे केल्टिक द दिसला की विचारायचं, तू मुळात कोण? आणि अनेक अभ्यासकांच्या मते या शब्दात मूळ ध होता. आता ध चा जर्मॅनिकमध्ये द होतो, त नाही: विधवा, विडो, मधु आणि ‘मीड’ हे मधाचं मद्य. म्हणजे हा शब्द जर्मॅनिकांना वारशाने मिळाला असता तर ‘दून’ झाला असता. ‘तून’ झाला, याचा सरळ अर्थ असा की शेजारच्या केल्टिक लोकांकडून त्यांनी तो द सकट उचलला, आणि तोही इतका लवकर, की ग्रिमच्या नियमाने पुढे त्याला आपल्या शब्दांबरोबरच त मध्ये ओढून नेलं. तीन ध्वनींचा एवढासा शब्द, पण दोन जमातींच्या शेजाराची खूण त्यात राहून गेली. शब्दव्युत्पत्तीत असे क्षण वर्षातून एकदोनदा येतात, त्या दिवशी मी कुणाशी फार बोलत नाही.

हे एकट्या तूनच्या जोरावर म्हणत नाही. जर्मन ‘राइश’, डच ‘रैक’, म्हणजे राज्य. लॅटिनमध्ये रेक्स, संस्कृतात राजन्. वारसा असता तर जर्मॅनिकमध्ये ‘ए’ दिसला असता, पण जुनं रूप सांगतं दीर्घ ‘ई’, आणि तो केल्टिकचा शिक्का आहे: गॉलच्या, म्हणजे प्राचीन फ्रान्समधल्या केल्टिक राजांची नावं ‘रीक्स’ने संपतात, व्हेर्सिंगेतोरीक्स घ्या. मूळचा ग मात्र जर्मॅनिक नियमाने क झालाय. म्हणजे इथेही उसनवारी आधी आणि नियम नंतर. दोन शब्द एकच साक्ष देऊ लागले की मान डोलवायला हरकत नाही.

ध्वनी जुळल्यावरच अर्थाकडे वळा. कुंपण, बाग, कुरण, अंगण, शहर यांना बांधणारी वस्तू कोणती? माझा सल्ला, डोळे मिटून तर्क करण्यापेक्षा जुन्या संयुक्त शब्दांत आणि वाक्प्रचारांत शोधा. अर्थ बदलला तरी वाक्प्रचार जुनाच अर्थ सांभाळत बसतात. डचमध्ये एखाद्याला फसवणं म्हणजे त्याला ‘तौइनभोवती नेणं’. बागेभोवती फिरवून माणूस कसा फसेल? पण जुन्या डचमध्ये तौइन म्हणजे कुंपणच होतं. दार न दाखवता कुंपणाभोवती फिरवत ठेवलं की फसला बिचारा. हॉलंडच्या चिन्हांत काटक्यांनी विणलेल्या गोल कुंपणात बसलेला सिंह किंवा युवती दिसते, तिलाही ‘हॉलंडची तौइन’ म्हणतात. चित्रात कुंपण, नावात आज बाग. जुन्या इंग्रजीत ‘त्यूनन’ हे क्रियापद आहे: बंद करणं, कोंडणं. म्हणजे डचमध्ये आणि इंग्रजीतही तळाशी कुंपण सापडतं. माझ्या अनुवादातले आजोबा काही शतकं आधी जन्मले असते, तर मी बरोबर ठरले असते.

मग पायऱ्या दिसू लागतात. कुंपण. कुंपणाच्या आतली जागा. आत भाजी लावली तर बाग, गवत राखलं तर कुरण, घर बांधलं तर शेतघर. घराला घर लागलं की वस्ती, वस्ती वाढली की गाव, गाव फुगलं की शहर. इंग्रजी शेवटपर्यंत चालत गेली, जर्मन पहिल्या पायरीवरच बसून राहिली. इंग्लंडमधल्या गावांच्या नावांत मधली पायरी अजून दिसते: नॉर्टन म्हणजे उत्तरेचं तून, सटन दक्षिणेचं, वेस्टन पश्चिमेचं, न्यूटन नवं. ही नावं पडली तेव्हा तिथे शहर नव्हतं, फार तर चार घरं होती. स्कॉटलंडमध्ये काही शेतकरी कुटुंबांच्या घोळक्याला ‘फर्मटून’ म्हणत. रोमन इतिहासकार टॅसिटस इसवी सन ९८ च्या सुमाराला लिहितो की जर्मन टोळ्या शहरांत राहतच नाहीत, भिंतीला भिंत लावलेली घरं त्यांना खपत नाहीत, प्रत्येक जण घराभोवती मोकळी जागा सोडतो. ज्यांना शहरच नाही, त्यांच्याकडे शहराला शब्द कुठून असणार? तो आवारातूनच वाढवावा लागला.

हा प्रवास ताणून बसवलेला नाही ना, हे तपासायला दुसरा, असंबंधित शब्द शोधा जो तसाच चालला असेल. मला दोन मिळाले. गॉथिक ‘गर्द्स’ म्हणजे घर, जर्मन ‘गार्टन’ म्हणजे बाग, इंग्रजी ‘यार्ड’ म्हणजे आवार आणि रशियन ‘गोरोद’ म्हणजे शहर, ही सगळी एकाच मुळाची. दुसरा तर आपल्या जिभेवरच आहे. संस्कृत ‘वाट’ म्हणजे कुंपण, घेरलेली जागा. त्यावरून ‘वाटिका’ म्हणजे बाग, आणि मराठीत ‘वाडी’, जी नारळाचीही असते आणि दहा उंबऱ्यांचीही. मोठ्या घराला आपण ‘वाडा’ म्हणतो. वर्गात टाउन-तौइन-त्साउन फळ्यावर लिहून अर्धा तास बोलले तरी चेहरे कोरे राहायचे. वाडी म्हटलं आणि मागच्या बाकावरून “अय्या!” आलं.

फसवणूक करणारेही भेटतील, त्यांच्याशी लवकर ओळख करून घ्या. आइसलँडिकमध्ये ट्यूना माशाला ‘तूनफिस्कुर’ म्हणतात. तो कुरणात चरत नाही, हा तून लॅटिनमधून आलेल्या माशाच्या नावाचा. इंग्रजी ‘हॅव’, जर्मन ‘हाबन’ आणि लॅटिन ‘हाबेरे’, तिघांचा अर्थ जवळ असणं, रूप जुळं वाटावं इतकं सारखं, आणि नातं शून्य. लॅटिन ह ला जर्मॅनिकमध्ये ह मिळणं नियमात बसतच नाही. हाबनचा खरा भाऊ लॅटिन ‘कापेरे’, म्हणजे पकडणं. सारखे दिसणारे शब्द मी आधी संशयित धरते, न दिसणारे नंतर. आणि इंग्रजी ‘डाउन’ म्हणजे खाली: तो आला ‘दून’वरून, म्हणजे टेकडी. ‘टेकडीवरून’ असं म्हणता म्हणता टेकडी गळाली आणि ‘खाली’ उरलं. दक्षिण इंग्लंडमधल्या टेकड्यांना मात्र अजून ‘डाउन्स’ म्हणतात. हा दून आणि केल्टिक दूनोन एकच की काय, यावर अभ्यासकांचे वाद चालू आहेत. कागदावर मी तिथे पेन्सिलीने रेघ ओढली आहे, पेनने नाही.

साधनं फार लागत नाहीत. जर्मनसाठी फ्रीडरिश क्लूगऽचा व्युत्पत्तिकोश, पहिली आवृत्ती १८८३ ची, पण सुधारून वाढवलेली नवी मिळाली तर तीच घ्या. जुन्या नॉर्ससाठी क्लीसबी-विग्फुसनचा १८७४ चा कोश. व्युत्पत्ती जुन्या झाल्यात, पण शब्द कुठल्या वाक्यात येतो हे दाखवायला अजून तोड नाही. कुठलाही कोश उघडा, आधी वाक्यं वाचा आणि मूळ नंतर. मूळ आधी वाचलं की मन तिथेच बसतं.

आता तुमच्यासाठी एक शब्द, उत्तरासकट नाही. इंग्रजी टिंबर म्हणजे इमारती लाकूड. जर्मन त्सिमर म्हणजे खोली. डच तिमरमन म्हणजे सुतार. आइसलँडिक तिंबुर म्हणजे लाकूड. या वेळी गॉथिकचा रकानाही भरलेला आहे: तिम्र्यान, बांधणं. इंग्रजीतल्या ब ला घाबरू नका, तो म आणि र च्या मध्ये नंतर घुसलाय. आधी पहिल्या ध्वनीचे तीन साक्षीदार उभे करा, मग त च्या जागी द ठेवून संस्कृतात घर शोधा. आणि तिथे पोचलात की ‘दंपती’ या शब्दातला ‘दं’ म्हणजे काय, ते एकदा बघा.